दाजी, ड्युटीची तारीख राहिली

दाजी, तुम्ही गेल्यानंतरचा पहिला रविवार मी कुणाशीही न भांडता काढला, आणि मला जेवण पचलं नाही.

तेरावं व्हायचं होतं, म्हणून ताईनं साधा वरणभात केला होता. ऐरोलीच्या तुमच्या घरात आम्ही तिघीच. ताई, तुमची लेक अमृता आणि मी. तुमची वेताची खुर्ची खिडकीशी तशीच. सवयीनं माझं तोंड उघडलं, "दाजी, आजचा पेपर..." आणि तिथंच मिटलं. ताईनं बघितलं. म्हणाली, "बोल की गं. इतकी वर्षं तुमचा कालवा ऐकला, आता कानाला कसंतरीच होतंय." मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

तर बोलते. तुम्ही मध्ये तोडणार नाही, हा एक फायदा आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होणार.

लोकांना आपलं नातं सांगायला मला भारी मजा यायची. हे ताईचे मिस्टर, दिघ्याला यांचा बिजागऱ्यांचा कारखाना. आणि मी यांची मेहुणी, उरणच्या बंदरात उतरणाऱ्या कंटेनरचे कस्टमचे कागद करणारी. म्हणजे बाहेरचा माल आत येऊ नये म्हणून हे देव पाण्यात ठेवणार, आणि तो आजच्या आज आत यावा म्हणून मी नेरूळहून गाडी हाणत बंदर गाठणार. तुम्ही मला 'कस्टमवाली' म्हणायचात, मी तुम्हाला 'किल्लेदार'. 'दाजी' हा शब्दही तुमचाच. आमच्या ठाण्याच्या घरात कुणी कुणाला दाजी म्हणत नव्हतं. लग्नात तुम्हीच सांगितलंत, "आमच्या कराडकडं मेहुण्या दाजी म्हणतात, आणि दाजींना सळो की पळो करतात." पहिलं मी ऐकलं, दुसरं मनावर घेतलं.

तुमचं म्हणणं सरळ होतं. बाहेरची बिजागरी इथं स्वस्त पडते ती त्यांचे हात सोन्याचे म्हणून नाही, तिथलं सरकार मागून ढकलतं म्हणून. "आमच्या पायात विजेचं बिल, बँकेचं व्याज, खड्ड्यांचा रस्ता. आणि वर म्हणायचं, पळा बरोबरीनं! म्हणून बाहेरच्या मालावर ड्युटी पाहिजे, चांगला घसघशीत कर. तेवढाच आमाला दम खायला वाव." मी म्हणायचे, मग विजेसाठी भांडा, रस्त्यासाठी भांडा, मी येते मोर्च्याला. पण ती ड्युटी परदेशातला कारखानदार भरत नाही हो दाजी, घर लावणारा भरतो. कर्ज काढून तळोज्यात वन-बीएचके घेतलेला पोरगा किचनची दारं करून घेतो, त्याच्या खिशातून तुम्ही दम खाणार. यावर तुम्ही पुढे सरकून बसायचात. "आणि त्या पोराला नोकरी कुठली? असल्याच एखाद्या कारखान्यातली ना? कारखानाच मिटला तर स्वस्त बिजागरी लावणार कशाला? घरच नसंल त्याला." आतून ताई ओरडायची, "घराचं राहू दे, भाकरी गार झाली."

सरकारनं बाहेरून येणाऱ्या पोलादी पत्र्यावर ड्युटी वाढवली, तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरणार नाही. पत्रा महागला आणि तुम्ही जिना चढतानाच सुरू झालात, "हे काय राज्य हाय? छोट्या माणसाचा कच्चा माल महाग करून ठेवला!" मी पाणी दिलं आणि शांतपणे म्हटलं, "दाजी, त्या पत्रेवाल्यालाही दम खायला वाव नको का?" तुम्ही पाणी प्यायलात, पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "शैले, तुझ्या नवऱ्याची मला कीव येती." तेवढ्या रविवारी तुम्ही हरलात. पुढच्या रविवारी पुन्हा तयार.

माझा एकच हुकमी पत्ता होता. तुम्ही म्हणायचात, लेकराला चालायला शिकवताना बोट धरतातच की. मी म्हणायचे, "धरतात. पण तुमचं लेकरू आता सासरा व्हायच्या वयाला आलं, अजून बोट सोडेना. ड्युटी कधीपर्यंत पाहिजे? तारीख सांगा." मग तुम्हाला अचानक ठेचा लागायचा, नाहीतर पंख्याचा आवाज यायला लागायचा. तारीख तुम्ही कधी सांगितली नाहीत. या प्रश्नावर आपला वाद दर वेळी थांबायचा, आणि मी जिंकल्याच्या आनंदात दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचे.

खरं सांगू का, माझा धंदा उभा राहिला तोच तुमच्यामुळे. मी स्वतःचं लायसन्स काढलं तेव्हा कंटेनरच्या यार्डात बायका फार दिसत नव्हत्या. लोक चहा पाजायचे, गोड बोलायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. तेव्हा तुम्ही पत्रा कापायचा जुना पॉवर प्रेस मागवलात, परदेशातला, आणि कागद माझ्या हातात दिलेत. म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक कोण, तर आयातीचा सगळ्यात मोठा दुश्मन! मी म्हटलंसुद्धा, "दाजी, हा बाहेरचा माल चालतो वाटतं?" तुम्ही म्हणालात, "मशीन चालतं. मशीन इथं येऊन कामाला लागतं. बिजागरी येऊन नुसती दारावर बसती." खोक्याला हळदकुंकू लावायला तुम्ही ताईला घेऊन थेट यार्डात आलात. तिथला क्रेनवाला उरणचाच, वैतागून म्हणाला, "काकी, पूजा मंग करा, आदी माझा हूक तं सोराल!" ताईनं त्यालाही कुंकू लावलं. त्या दिवसानंतर यार्डात मला सगळे ओळखायला लागले. हे मी तुम्हाला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही त्याचंच भांडवल केलं असतं.

आणि ते तुमचं दार! कारखान्याच्या मधोमध, आजूबाजूला भिंत नाही, काही नाही, नुसती चौकट आणि तिला दार. नवी बिजागरी निघाली की आधी त्या दाराला लागायची, आणि आत येणाऱ्या प्रत्येकानं त्यातूनच यायचं, उघडून आणि मिटून, हा तुमचा नियम. कामगार, ट्रकवाले, बँकेचे साहेब, सगळे मुकाट उघडमीट करत यायचे. तेवढीच बिजागरीची परीक्षा, फुकटात. मी मात्र कायम बाजूनं वळसा घालून यायचे आणि दोन्ही हात पसरून ओरडायचे, "फ्री ट्रेड!" पॅकिंगच्या बायका हसून लोटपोट. तुम्ही डोक्यावर हात मारून घ्यायचात.

मग झालं माझ्या किचनचं प्रकरण. आमचं काम चालू असताना इंटिरियरवाल्यानं कपाटांना बाहेरच्या बिजागऱ्या लावल्या, ज्यांचं दार शेवटच्या बोटभर अंतरावर हळूच, आवाज न करता मिटतं. मी तुम्हाला बोलले नव्हते. तुम्ही गणपतीला आमच्याकडे आलात, मोदकासाठी वाटी काढायला कपाट उघडलंत आणि सोडलंत. दार आपटलंच नाही. तुम्ही पुन्हा उघडलंत. पुन्हा सोडलंत. बाहेर आरती सुरू झाली, टाळ वाजायला लागले, आणि तुम्ही आपले कपाटासमोर उभे. मी जाऊन म्हटलं, "दाजी, रागावलात?" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "आयला, काय मऊ मिटतंय गं." आणि आरती संपायच्या आत स्क्रू ड्रायव्हर मागून एक बिजागरी काढून खिशात घातलीत. माझ्या त्या कपाटाचं दार दिवाळीपर्यंत एका बिजागरीवर लोंबकळत होतं. दिवाळीत तुम्ही स्वतः येऊन नवी लावलीत, तुमची. तीही मऊ मिटायची. जराशी कुरकुरायची, पण मिटायची.

ती मऊ मिटते ती आतल्या छोट्याशा तेलाच्या पिस्टनमुळे. त्याला धंद्यात डँपर म्हणतात. तो आपल्याकडे कुणी बनवत नव्हतं, तुम्ही तो बाहेरून मागवायला लागलात. आणि त्याच सुमारास तुमच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेनं ठरवलं, बाहेरच्या बिजागऱ्यांवर ड्युटी वाढवून मागायची. अर्ज कोणी लिहायचा? तुम्ही मला सांगितलंत. मला! मी म्हटलं, "दाजी, माझ्याच पोटावर पाय?" तुम्ही म्हणालात, "तुला कस्टमची भाषा येती. आणि तू लिहिलंस तर समोरचा काय बोलणार ते तुला आधीच ठाऊक." टोमणा होता की कौतुक, ते अजून कळलेलं नाही. मी लिहिला. चांगला लिहिला. तुम्ही तो वाचलात आणि स्वतःच्या हातानं त्यात 'भाग' हा शब्द घातलात. 'बिजागऱ्या' होतं, तिथं 'बिजागऱ्या व त्यांचे भाग' केलंत. म्हटलं, कशाला? म्हणालात, "पक्कं काम. नाहीतर हे लोक सुटे भाग आणून इथं नुसते जोडतील."

ड्युटी वाढली. आपल्या अर्जानं वाढली की आणखी कुणाच्या, ते दिल्लीला ठाऊक. तुम्ही संघटनेत पेढे वाटलेत. आणि वाढीव ड्युटीचा माझ्या हातात आलेला पहिला कंटेनर कुणाचा होता? तुमचा. बिजागरीचे भाग. डँपर! मी यार्डातून फोन केला. "दाजी, अभिनंदन. भरा." तुम्ही म्हणालात, कशावर? मी म्हटलं, भागांवर. मग तुम्ही विचारलंत, "कुठल्या गाढवानं तो शब्द घातला?" मी म्हटलं, "नाव सांगू?"

पुढचं मात्र मी कुणाला फारसं सांगत नाही. यार्डातल्या एकानं सुचवलं होतं, डँपर प्लास्टिकचे दिसतात, प्लास्टिकचा माल म्हणून दाखवा, कमी लागेल, कोण बघतंय. मी ते तुमच्या कानावर घातलं, कारण कानावर घालणं माझं काम. तुम्ही म्हणालात, "नको. अर्ज माझा, शब्द माझा, आणि पहिली पळवाट पण माझीच? पूर्ण भर." मग हसायला लागलात. फोनवर इतके हसलात की मागून कुणीतरी विचारलं, साहेब, काय झालं? तुमच्याशी वाद घालायला मला आवडायचं ते यासाठी, दाजी. तुमचं मत मला कधी पटलं नाही, पण ते तुमच्या अंगावर आलं तरी तुम्ही त्याला धरून उभे राहायचात.

आणि मागच्या वर्षी चाक उलटं फिरलं. बाहेरच्या देशानं आपल्या मालावर ड्युटी चढवली. माझ्याकडे कोळंबी बाहेर पाठवणारी पार्टी आहे, तिच्या ऑर्डरी धडाधड रद्द झाल्या. त्या रविवारी मी तुमच्याकडे आले ती चिडूनच. "त्यांना काय अधिकार? आमच्या लोकांनी जायचं कुठं?" बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता मेले. आता हा माणूस मला जन्मभर सोडत नाही. तुम्ही फक्त ताईकडे बघितलंत आणि म्हणालात, "ऐकलंस का? पुढच्या रविवारी मटण नको. कोळंबी कर." दोन रविवार आपण कोळंबी खाल्ली. तिसऱ्या रविवारी, मी जरा सावरल्यावर, सोलकढी पिता पिता तुम्ही हळूच विचारलंत, "काय कस्टमवाली, आता तुझ्या लेकराचं बोट कोण धरणार?" दाजी, एवढा धीर तुम्ही कसा धरलात? मला तर तीन मिनिटं दम निघाला नसता.

शेवटच्या रविवारीही वाद तोच. वाढीव ड्युटीची मुदत संपत आलेली, संघटनेला ती चालू ठेवण्यासाठी पुन्हा अर्ज करायचा होता. तुम्ही म्हणालात, लिही. मी म्हटलं, लिहिते, पण यंदा तारीख सांगा. कधीपर्यंत? ठेचा तुमच्या ताटातच होता आणि पंखा बंद होता, त्यामुळे पळायला जागा नव्हती. तुम्ही ताक संपवलंत, वेताच्या खुर्चीत जाऊन बसलात आणि म्हणालात, "सांगतो. खरंच सांगतो. जरा डोळा लागू दे, उठल्यावर सांगतो." तुम्ही उठला नाहीत. चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नव्हती. डॉक्टर येऊन गेल्यावर ताई माझ्या गळ्यात पडून रडत म्हणाली, "तुझ्या प्रश्नातून सुटायला बघ कुठवर गेले." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो.

तेराव्यानंतर वाशीची माझी एक जुनी पार्टी घरी आली, बिजागऱ्याच मागवणारी. माणूस वाईट नाही. ताईपुढे फळं ठेवून म्हणाला, "वहिनी, मशीन विकून टाका. साहेबांचं नाव मार्केटमध्ये चांगलं आहे, ते आम्हाला द्या. डबा तुमचा, माल आमचा. टेन्शनच नाही, दर महिन्याला घरबसल्या पैसे येतील." तो गेल्यावर ताईनं मला विचारलं, "तूच सांग. तुझं तर आयुष्यभर हेच म्हणणं होतं ना?" होतंच. जो स्वस्त बनवतो त्यानं बनवावं, बाकीच्यांनी दुसरं काही करावं, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं! पण दिघ्याचा कारखाना बंद, प्रेस भंगारात, पॅकिंगच्या बायका घरी, आणि तुमच्या नावाच्या डब्यात भलतीच बिजागरी, हे डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, अमृताला विचार. चालवायचा तर तिलाच आहे.

अमृता म्हणाली, "मावशी, सोमवारी कारखान्यात ये. तो अर्ज लिहून घेऊन ये."

गेले. प्रेस चालू होता, दणदण ऐकून बरं वाटलं. मधोमध तुमचं ते दार. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी आता हात पसरून ओरडते की काय म्हणून. दाजी, मी दारातून आले. उघडलं, आत आले, सोडलं. मऊ मिटलं. कुरकुरलंसुद्धा नाही. पॅकिंगची एक जण म्हणाली, "म्याडम, आज इकडून?" मी काहीतरी पुटपुटले आणि चष्मा पुसला.

ताईही आली होती. अमृतानं तुमच्या टेबलावर अर्ज वाचला, सावकाश, तुमच्यासारखा बोट फिरवत. मग म्हणाली, "वाशीवाल्यांना मी नाही म्हणून कळवलंय. आपण बनवणार. पण मावशी, ह्यात मुदत कुठे लिहिलीय?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी ती कधी सांगितलीच नाही." ती म्हणाली, "मग आपण लिहू. तीन वर्षं. तेवढ्यात डँपर इथं बनवायला शिकायचं. नाही जमलं तर चूक आपली, लोकांनी जास्त पैसे का भरायचे? संघटनेला पटो न पटो, आपल्या सहीखाली एवढं लिहिणार." आणि तिनं पेन उघडलं.

इतकी वर्षं मी जे मागत होते ते समोर होतं. तारीख! पेढे वाटायचे मी. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं ए, तीन कसली? साच्याची डाय करायलाच वर्ष जातं. तेल गळतं, पुन्हा करावी लागते. माणसं शिकवायची. जरा विचार कर. पाच लिही, पाच!"

ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. अमृता माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

त्या पंख्याचा आवाज येतोय का गं, म्हणून मी वर बघितलं. मग आम्ही तुमच्या टेबलावर भांडलो, तिनं तीन धरले, मी पाच, ताईनं मध्येच दोन वेळा चहा मागवला, आणि बाहेर दार उघडत होतं, मिटत होतं. शेवटी चारवर जमलं. तिनं लिहिलं, सही केली.

चार, दाजी. उठल्यावर तुम्ही किती सांगणार होतात?